कपाळापुरता खळगा

मी पुतळे करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या चौकात, कारखान्याच्या फाटकात किंवा कॉलेजच्या आवारात कुणी ब्रॉन्झमध्ये बोट वर करून उभा असेल, तर तो मी केलेला असण्याची बरीच शक्यता आहे. बिद्रीच्या वाटेवर आहेत, आजऱ्याला आहेत. गगनबावड्याला एक आहे, त्याच्यावर इतका पाऊस पडतो की बिचारा खांद्यापासून हिरवा झालाय. माझं नाव मात्र तुम्हाला कुठे सापडणार नाही. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, समितीच्या सदस्यांची तर रांगच असते. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. वाटतं. चांगलंच वाटतं.

माझ्याबरोबर शिकलेल्या एकाचं नाव दिल्लीत पितळी पाटीवर लागलंय, हे मला चहाच्या गाड्यावर कळलं. एका पुतळा समितीचा सदस्य पेपर वाचत बसला होता. मला बघून त्यानं पान उलटं केलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"अवो आर्टिस्ट, ह्यो बघा आपल्या कोल्हापूरचा गडी. दिल्लीत बागंत ह्याची म्हस बसवल्या. वळखतासा काय?"

"वळखतो की. माझ्याच वर्गात हुता."

"आँ? मग तुमचं कुठं हाय दिल्लीत?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. फोटो एवढासा होता आणि त्यात एक काळा डाग तेवढा दिसत होता. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही. शाडू मळताना दुखायचं, साच्यात प्लास्टर ओतताना दुखायचं. पुतळ्याच्या अनावरणाला बँड वाजायला लागला की आणखी दुखायचं. मला म्हैस बघायची होती. खरं सांगायचं तर ती वाईट आहे, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं होतं.

म्हैस म्हटल्यावर मला आमचा गोठा आठवणं साहजिक होतं. आमचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. सासरे गवळी. संध्याकाळी त्यांच्या म्हशी गंगावेशीत उभ्या असायच्या आणि लोक तिथेच ग्लास धरून निरशा दुधाची धार पिऊन जायचे. सकाळी मात्र धारा घरी निघायच्या. मी आणि हा दिल्लीवाला मित्र तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात होतो. जिवंत जनावर बघून काढा, असं सरांनी बजावलं होतं, म्हणून मी आणि तो रोज सकाळी कागद घेऊन त्या गोठ्यात जाऊन बसायचो. थोरली मुलगी धार काढायची. दोन पायांवर बसायची, चरवी गुडघ्यांत धरायची आणि कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवून डोळे मिटायची. त्यामुळे तिचं तोंड कधी नीट दिसायचंच नाही. मी या बाजूला बसून बघ, त्या बाजूला बसून बघ, वैरणीच्या गंजीवर चढून बघ, असं करत राहिलो. कागदावर माझ्या फारसं काही उमटलं नाही. त्या म्हशीचा मला तेव्हा फार हेवा वाटायचा.

पुढे त्या मुलीशी माझं लग्न झालं. तो आधी बडोद्याला गेला, मग दिल्लीला. लग्नात त्यानं आहेर म्हणून तांब्या दिला होता, तो अजून घरात आहे.

मुलाला दिल्लीत नोकरी लागली आणि त्यानं आईबापाला बोलावलं, तेव्हा मला निमित्त मिळालं. हिनं भडंग घेतलं, लसणाची चटणी घेतली, मुलाला घरचं तूप घेतलं. मी काय घेऊन निघालो होतो ते मी कुणाला सांगितलं नाही.

मुलगा ऑफिसला गेला की आम्ही दोघं मेट्रोनं बाहेर पडायचो. पहिल्या दिवशी जुन्या मूर्तींच्या मोठ्या संग्रहालयात गेलो. तिथे गेलो आणि मित्र राहिला बाजूला, मला मेलेल्या माणसांचा हेवा वाटायला लागला. एका दगडी बाईला नाक नव्हतं, हात नव्हते, गुडघ्याखाली तर काहीच नव्हतं. तरीही एक परदेशी पोरगी तिच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि मान वर करून एकटक बघत होती. आमच्या एखाद्या चेअरमनच्या बोटाचा टवका उडाला तर मला लगेच फोन येतो. आणि हिचे दोन्ही हात गेलेत, तरी लोक तिकीट काढून येताहेत. ज्यानं कुणी केली त्याची माती पास करायला कोण आलं असेल, असं मनात आलं.

कारण आमच्याकडे माती पास व्हावी लागते. शाडूत पुतळा पुरा झाला की साचा घेण्याआधी समिती येते. गाडीभर माणसं असतात. शेडमध्ये शिरल्या शिरल्या प्रत्येकाला पुतळ्यातलं कळायला लागतं. मिशा हा सगळ्यांचा आवडीचा विषय. "साहेबांच्या मिशा आजून जरा वर घ्या." "पोट आत घ्या की वो, येवढं कुठं हुतं?" "नजर कारखान्याच्या धुराड्याकडं पायजे." मी हो हो म्हणतो आणि मिशा वर घेतो. ज्यांना हयातीत मिशी नव्हती अशा एका गृहस्थांनासुद्धा मी मिशी लावलेली आहे. त्यांच्या चिरंजीवांची तशी इच्छा होती.

पण माझी स्वतःची एक खूण आहे. समितीचं झालं की मी म्हणतो, घरातल्या म्हातारीला आणा. गेलेल्या माणसाची बायको. तिला धरून आणतात आणि मातीसमोर उभं करतात. बघता बघता तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिनं पदर सावरला, की मी साचा घ्यायला मोकळा. मग समितीनं काहीही म्हणू दे. समोर नवरा उभा आहे असं त्या हाताला वाटलं, एवढं मला पुरतं. कधी कधी तो हात जागचा हलतच नाही. तो पुतळाही जातोच चौकात, पण मग त्या चौकातून जाताना मी मान वर करत नाही.

माझी बायको मात्र माझ्या कुठल्याच पुतळ्यापुढे हलली नाही. कितीतरी घोडे झाले, कितीतरी साहेब झाले. ती शेडच्या दारात येते, "भाकरी गार व्हायल्यात" म्हणते आणि जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बागेत गेलो. एका मोठ्या कलादालनाच्या मागे हिरवळ आहे आणि हिरवळीवर जागोजाग शिल्पं मांडलीत. आत शिरताच मला बरं वाटलं. गंजलेल्या लोखंडी पाइपांचं एक वेटोळं होतं. दगडावर दगड ठेवलेले होते. अर्धं चाक मातीत रुतवलेलं होतं आणि त्याच्यापुढे एकजण हनुवटीला हात लावून उभा होता.

"ह्ये काय हाय वो?" हिनं विचारलं.

"कला हाय."

"मग तुमी करतासा ते काय?"

मी पुढे चालायला लागलो. पण आतून खूश होतो. म्हैसही अशीच असणार, चार पाइपा आणि एक पत्रा. मग घरी जाऊन चहाच्या गाड्यावर त्या सदस्याला सगळं रंगवून सांगायचं, असा माझा बेत होता.

म्हैस जांभळाच्या झाडाखाली होती. काळ्या पाषाणाची, खऱ्या म्हशीएवढी आणि उभी. सभोवती बुटक्या खांबांना दोर बांधलेला. शेजारी पाटी होती. त्याचं नाव, जन्म कोल्हापूर, काळा पाषाण, शीर्षक नाही. मी आधी पाटीच वाचली. पुन्हा वाचली. कोल्हापूर हा शब्द त्याच्या नावाखाली बघून मला संताप आला. कोल्हापुरात राहिलो मी, आणि पाटीवर कोल्हापूर त्याच्या नावाखाली!

मग मी हात मागे बांधून म्हशीला एक फेरी घातली. समिती घालते तशी. आणि समितीला सापडतात तशा मला चुका सापडायला लागल्या. मान जड होती. शेपूट मांडीला चिकटलेली. पाय तर धड केलेच नव्हते, पोटाखालचा दगड बऱ्याच ठिकाणी तसाच ठेवला होता. उजवं शिंग अर्ध्यात संपलं होतं. तुटलं असणार आणणाऱ्यांच्या हातून, आणि मग घासून गुळगुळीत केलं असणार. डाव्या बाजूला पोटावर, मागच्या पायाच्या जरा पुढे, एक उथळ खळगा होता. बाकी अंगावर छिन्नीचे टाके राखले होते आणि तेवढीच जागा घोटून घोटून मऊ केली होती. दगडच मुळात खराब निघाला असेल आणि ह्याला तो खड्डा झाकता आला नसेल. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "मिशा न्हाईत म्हणून वाचला. न्हाईतर ही माती मी पास केली नसती."

ही हसली नाही. मी वळून बघितलं. ही दोराशी उभी होती, म्हशीच्या डाव्या अंगाला. बघत होती. आणि बघता बघता तिचा हात पदराकडे गेला. तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. पाठीमागून पुढे आणला आणि कमरेला खोचला, धारेला बसण्याआधी खोचायची तसा.

ही माझी खूण. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बायकांच्या हातात तिची वाट बघितली, आणि ती इथे, दिल्लीत, दुसऱ्याच्या दगडापुढे!

"अवो," ही म्हणाली, "ही आमची हाय."

"कोण?"

"म्हस. आमची हाय ही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत फटाक्याला बुजून भिताडावर गेलती, तवा शिंग मोडलंतं. इसरलासा?"

मी विसरलो नव्हतो. मला ते कधी माहीतच नव्हतं. रोज सकाळी त्या गोठ्यात बसूनही ती म्हैस एकशिंगी होती हे मी पाहिलं नव्हतं.

ही दोराखालून वाकून आत गेली. मी "अगं" म्हणेपर्यंत ती खाली बसलीसुद्धा, दोन पायांवर. गुडघे कडकड वाजले. गुडघ्यांत चरवी असल्यासारखे तिनं हात धरले, मान पुढे घातली आणि कपाळ त्या खळग्यात टेकवलं. ते बसलं. इकडे नाही, तिकडे नाही, बरोबर बसलं. तिनं डोळे मिटले.

मी त्या बाजूला गेलो, ह्या बाजूला आलो. तोंड दिसेना.

शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. "माताजी! छूना मना है! उठिए माताजी!" ही लगेच उठली नाही. सावकाश मान काढली आणि त्याच्याकडे बघून तिच्या हिंदीत म्हणाली, "हमारा भैंस है." पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

बागेच्या कडेला चहाचं कँटीन होतं, तिथे बसलो. हिनं चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत प्यायला लागली, काही झालंच नाही असा चेहरा करून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. इतका वेळ मी त्याच्या नावाची, पाटीची, दिल्लीची जळजळ सोसत होतो. ती सोसण्यासारखी होती. ही नवी सोसवेना. एका माणसानं ते कपाळ इतकी वर्षं डोक्यात ठेवलं होतं. गाव सोडलं, राज्य सोडलं, केस पिकले, आणि दगड फोडायला बसला तेव्हा ते बरोबर जागेवर, बरोबर उंचीवर काढलं. ते कपाळ माझ्या घरात आहे. रोज सकाळी त्याला कुंकू लागताना मी बघतो. मला कुणी म्हणालं असतं की डोळे मिटून त्याचं माप सांग, तर मला सांगता आलं नसतं.

"तुला म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"काय?"

"त्यो तुझ्याकडं बघायचा त्ये."

"बघायचा की. काढायचं म्हंजे बघाय नको?"

"बोलायचा काय तुझ्यासंगट?"

तिनं बशी खाली ठेवली. जरा आठवल्यासारखं केलं. "एकदा म्हणालता, जरा सरका, म्हशीचा पाय दिसंना. येवढंच."

हे ऐकून मला क्षणभर गार वाटलं. पाय दिसेना! म्हणजे त्याला म्हैसच हवी होती, ही मधे येत होती. मी मोठा घोट घेतला. आणि मग ते पाय आठवले. दगडात त्यानं पाय केलाच नव्हता. पाय सोडून दिला होता आणि कपाळ ठेवलं होतं.

"मी बी तिथंच हुतो की," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "मी बी बघत हुतो. त्याच्यापरास जास्त बघत हुतो. गंजीवर चढून बघत हुतो!"

"हुतासा की. म्या कुठं न्हाई म्हटलं? आमचा बा म्हणायचा, त्यो एक म्हस बघाय येतो आनि त्यो दुसरा पोरगी बघाय येतो." ती हसली. मग हसायची थांबली आणि बशीकडे बघत म्हणाली, "पर तुमी मला काढलासा कवा? इतकी वरसं घरात हाय मी. तुमी नुसत्या मिशा काढल्यासा."

समिती, मुदती, पोटाचा धंदा, सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि सगळं खरंही होतं. मी तिच्याकडे बघितलं. कपाळाला दगडाची बारीक धूळ लागली होती आणि कुंकू एका बाजूला पुसलं होतं. पुसलेलं कुंकू तिकडे खळग्यात लागलं असणार. ते तिथे राहणार आणि आम्ही गाडी पकडून कोल्हापूरला जाणार.

"त्याला फोन करा की," ती म्हणाली. "दिल्लीतच असतोय न्हवं? जेवायला बोलवूया पोराच्या खोलीवर. चटणी हाय, तूप हाय."

"बघू," मी म्हणालो. नंबर माझ्याकडे होता. घरातून निघतानाच घेतला होता. म्हैस वाईट निघाली असती तर मी नक्की फोन केला असता, तोंडभरून कौतुक केलं असतं आणि जेवायलाही बोलावलं असतं.

ती दुसरा चहा सांगायला उठली, तेव्हा मी म्हणालो, "चष्मा ऱ्हायला वाटतं तिकडं. आलोच." चष्मा माझ्या खिशात होता.

ऊन उतरलं होतं. जांभळाखाली कुणी नव्हतं. पहारेकरी पार त्या वेटोळ्याजवळ कुणाचातरी फोटो काढून देत होता. मी दोराखालून आत गेलो. आधी नुसता हात लावला. माझे हात मातीतले आहेत, खोटं काम बोटाला लगेच कळतं. मी बोटं फिरवली. भुवईची कड होती. तिच्यावर कपाळाचा उतार होता. वरच्या बाजूला, केस मागे ओढून बांधले की जिथे ते सुरू होतात, तिथे घोटणं थांबवलं होतं आणि पुन्हा टाके सुरू झाले होते. चूक नव्हती. मी पुन्हा पुन्हा शोधली. एक जरी सापडली असती तरी मला चाललं असतं. खळग्याच्या मधोमध हिचं कुंकू लागलेलं होतं.

मग मी खाली बसलो. माझे गुडघे हिच्यापेक्षा वाईट आहेत, पुतळ्यांतल्या घोड्यांच्या लोखंडी सांगाड्यांवर चढून उतरून गेलेत. दगडाला धरत धरत मी दोन पायांवर टेकलो, हातांत धरायला काही नव्हतं म्हणून ते मांडीवर ठेवले, आणि मान पुढे घातली.

नाक आधी लागलं. मान वाकडी करून पाहिली, तर डावी भुवई दगडावर आपटली. जरा खाली सरकलो, मग कपाळ वरच्या टाक्यांवर घासलं आणि कातडं सोललं. डोळे मिटून पाहिलं. दगड गार होता आणि माझं डोकं त्याच्यात कुठूनही शिरत नव्हतं.

"बसतंय काय?" मागून आवाज आला.

ही दोराजवळ उभी होती. हातात दोन कप होते.

"न्हाई," मी म्हणालो.

तिकडून शिट्टी वाजली. तिनं कप हिरवळीवर ठेवले, दोराखालून आत आली आणि मला उठवायला हात पुढे केला.

"तुमचं कसं बसंल?" ती म्हणाली. "ते माझं हाय."